भिंतीची जाडी

पाइपाच्या भिंतीची जाडी आम्ही आठ ठिकाणी मोजतो,
गोल वस्तू एका बाजूनं फसवते म्हणून.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो.
रमिला पाडवीनं वहीत लिहून घेतलं.
उन्मेष खैरनारनं फळ्याचा फोटो काढला.

मार्चमध्ये हेड ऑफिसचं पत्र आलं होतं:
लॅबमध्ये यंदा मुली घ्या,
नंदुरबारकडचे अर्जही बघा.
जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या कँटीनात
ते पत्र आठवडाभर शेवभाजीच्या तर्रीवर तरंगलं.
"आता क्वालिटी गेली खड्ड्यात," भंगाळे म्हणाला,
ज्याच्या शिफ्टचा माल सगळ्यात जास्त परत येतो.
मी हसलो.
हसलो, हेही इथं लिहून ठेवतो.

मुलाखतीला आम्ही तिघं, एसी एक, बाहेर चव्वेचाळीस.
ती मोलगीहून निघालेली आदल्या दुपारी,
रात्र स्टँडवरच काढलेली,
केसांना मात्र तेल ताजं.
"पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?"
साहेबांनी इंग्रजीत विचारलं.
ती खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, "इथंच. घेतलं तर."
आत्मविश्वासाच्या रकान्यात मी दहापैकी चार लिहिले.
आधीच्या उन्मेषनं टायची गाठ सारखी करत
टेप लावल्यासारखं उत्तर दिलं होतं.
त्याला आठ.
पाइपाबद्दल आम्ही दोघांनाही काही विचारलं नाही.

माझी मुलाखत पारोळ्याला झाली, एकोणनव्वद साली,
एका लग्नात, दुसऱ्या पंगतीला.
बट्टी चुरता चुरता मामा शेजारच्याला म्हणाले,
"मना भाचा शे. सोमवारले धाडू का?"
"धाडी दे."
वरण वाढणारा पुढं सरकला, माझी नोकरी लागली.
दहापैकी किती, ते कुणी लिहिलं नाही.
त्याला आम्ही वशिला म्हणत नाही.
वशिला परक्यांचा असतो,
आपला तो मामा.

जूनमध्ये रमिलाचा दशांश एक घर सरकला.
तीनशे पाइप विनाकारण भंगारात.
चहाच्या सुट्टीआधीच गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं
की हे पत्रामुळं झालं.
जुलैत उन्मेषचा सरकला, उलट्या बाजूनं.
त्याचा माल साक्रीच्या एका शेतात जाऊन फुटला,
भंगाळे आणि मी जीप काढून माफी मागून आलो.
"नवा आहे, शिकेल."
हे वाटेत मीच म्हणालो. भंगाळेनं मान हलवली.

सगळे सारखे असतात, असं मी म्हणत नाही.
इतकी वर्षं फुटके पाइप बघतोय.
प्रेशरच्या टेबलावर तासभर पाणी दाबून धरा,
फुटायचा तो फुटतो,
कुठल्या मशीनचा, कुठल्या शिफ्टचा,
पाणी विचारत नाही.
त्या टेबलावर माझा विश्वास आहे.
माणसांसाठी तसं टेबल आमच्याकडं नाही,
मग हाताशी येईल त्यानं मोजतो:
आडनाव, बुटांचं पॉलिश, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'.

वर्नियर दर सहा महिन्यांनी नाशिकला जातं
मखमली डब्यात, तपासून घ्यायला.
किती चुकतं त्याचा कागद सोबत परत येतो.
मला पस्तीस वर्षांत कुणी पाठवलं नाही.

अजूनही उन्मेषच्या रिपोर्टवर
मी आकडे एकदा बघून सही करतो.
तिचे दोनदा बघतो.
ठरवून करत नाही, बोटच वर जातं पुन्हा पहिल्या ओळीवर.
तिनं हे कधी हेरलं, माहीत नाही.
हल्ली ती रिपोर्टासोबत
कापलेला तुकडाही टेबलावर आणून ठेवते
आणि शेजारी वर्नियर.
"सर, तुम्हीच मापा."
रागानं नाही. आवाजात काहीच नसतं.
मी उचलतो.
जबडे तिच्या हातानं अजून कोमट असतात.